समासातल्या खुणा

मुद्रितशोधनाचा हा वर्ग आज संपतो आहे, आणि समारोपाला ‘या व्यवसायातील संधी’ या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा होती. मी त्यांना म्हटले की संधींविषयी बोलण्याचा मला फारसा अधिकार नाही, कारण याच व्यवसायातली माझी नोकरी चौदा वर्षांनंतर एका चार ओळींच्या पत्राने गेली. त्या वेळी एका माणसाने जे केले ते सांगितले तर चालेल का? त्यांनी होकार दिला, म्हणून आज अण्णांविषयी बोलते. ते माझे नातेवाईक नव्हते. छापखान्यात आणि पुढे वृत्तपत्राच्या कचेरीत सगळेच त्यांना अण्णा म्हणत, तशी मीही म्हणू लागले.

१९८४ मध्ये मी पुण्यातल्या एका दैनिकाच्या मुद्रितशोधन विभागात कॉपीहोल्डर म्हणून लागले. तुमच्यापैकी बहुतेकांनी हा शब्द ऐकलेला नसेल. मूळ हस्तलिखित, म्हणजे ‘कॉपी’, एकाने हातात धरून मोठ्याने वाचायची आणि समोर बसलेल्या मुद्रितशोधकाने प्रुफावर, म्हणजे जुळवलेल्या मजकुराच्या कच्च्या छापावर, डोळे ठेवून ती ताडून पाहायची, अशी ती जोडी असे. नुसते शब्द वाचून भागत नसे. स्वल्पविराम, अर्धविराम, दुहेरी अवतरण सुरू, दुहेरी अवतरण बंद, नवा परिच्छेद, हे सगळे उच्चारावे लागे. दिवसाचे सहा तास असे वाचल्यावर घरी आईशी बोलतानाही माझ्या तोंडून पूर्णविराम निघत असे. माझ्या समोरच्या खुर्चीवर अण्णा होते. मी विरामचिन्ह गिळले की ते मान वर न करता पेन्सिल टेबलावर एकदा आपटत, आणि मी मागे जाऊन ते वाक्य पुन्हा वाचत असे.

अण्णा मूळचे जुळारी, म्हणजे अक्षरे जुळवून छपाईचा मजकूर तयार करणारे. चौदाव्या वर्षी ते एका पेठेतल्या छापखान्यात शिरले आणि शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रणाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवण्यात त्यांची वीस वर्षे गेली. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या टाइपाचे वळण त्यांच्या डोळ्यांत इतके बसले होते की कुठल्याही जुन्या पुस्तकाचे पान उघडून ते बोट ठेवत आणि ‘हा निर्णयसागर’ असे, एखाद्या ओळखीच्या माणसाला दुरून चालीवरून ओळखावे तसे, म्हणत. देवनागरीला काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे धरून इंग्रजीच्या कितीतरी पट खिळे लागतात, आणि प्रत्येकाचा खण ठरलेला असतो. छपाई झाल्यावर खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. त्या वेळी ‘ध’ जर ‘घ’च्या खणात पडला, तर पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत चूक निघणार. यावरून अण्णांचे एक मत झाले होते, ते मला तेव्हा अतिशयोक्त वाटे. चूक दिसते एका दिवशी आणि झालेली असते दुसऱ्याच दिवशी, असे ते म्हणत.

१९९४ मध्ये अण्णा निवृत्त झाले. तोवर मी कॉपीहोल्डरची मुद्रितशोधक झाले होते. आणि १९९८ च्या जुलैत आमचा विभागच बंद झाला.

तो का बंद झाला हे मला आज नीट सांगता येते, तेव्हा येत नव्हते. बातमीदाराच्या हस्तलिखितावरून दुसरा माणूस मजकूर जुळवत होता, तोवर या दोहोंच्या मध्ये चूक शिरण्याची जागा होती आणि त्या जागेवर पहारा ठेवायला आम्ही होतो. संगणक आले, पाने मांडणारा पेजमेकर प्रोग्रॅम आणि मराठी फाँट आले, बातमीदार स्वतःच कळफलकावर बसू लागला, आणि त्याने टंकलेला मजकूर तसाच पानावर जाऊ लागला. मूळ कॉपी नावाची वस्तूच उरली नाही. मग ताडायचे कशाशी? व्यवस्थापनाचा हा हिशेब वरवर बिनचूक होता. लिहिणारा माणूस आपण लिहिलेले वाचत नाही, आपल्याला लिहायचे होते ते वाचतो, ही गोष्ट मात्र त्या हिशेबात धरलेली नव्हती. आम्ही पाच जण होतो. आम्हाला एका दुपारी पाच सारखी पत्रे मिळाली, फक्त नावे वेगळी.

मी ते पत्र पर्समध्ये ठेवले आणि घरी न जाता सरळ अण्णांच्या वाड्यात गेले. का गेले, याचे उत्तर मला देता येणार नाही. घरी जाऊन सांगायचे धैर्य नव्हते, एवढेच कदाचित खरे असेल. अण्णा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी पत्र पुढे केले. त्यांनी चष्मा बदलला, पत्र एकदा वाचले, मग कानावरची पेन्सिल काढून पुन्हा वाचले, आणि दुसऱ्या वाचनात तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दाभोवती गोल केला. ‘सदर विभागाची यापुढे आवश्यक्ता राहिलेली नाही,’ असे ते वाक्य होते.

‘‘क चा पाय मोडलाय यांनी,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आवश्यक, त्याची आवश्यकता. तू जेवलीस का?’’

मी हसले आणि मग रडले. अण्णा उठून आत गेले. ते आतून काही आणतील, पाठीवर हात ठेवतील, असे मला वाटले; त्यांनी काकूंना बाहेर पाठवले आणि स्वतः बराच वेळ आले नाहीत. रडणाऱ्या माणसाशी काय बोलावे हे अण्णांना शेवटपर्यंत जमले नाही. हे मी त्यांच्या थोरवीत धरत नाही. त्या संध्याकाळी मला पोहे खायला घालून माझे सगळे ऐकून घेतले ते काकूंनी, आणि अण्णांच्या आठवणी सांगताना काकूंचे नाव मागे राहते याची मला नेहमी टोचणी लागते.

अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक जाड पुस्तक होते. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा त्यांनी उघडला आणि व्याख्येच्या कलमावर बोट ठेवून मला मोठ्याने वाचायला सांगितले. संपादक, अग्रलेखक, वृत्तसंपादक, उपसंपादक, बातमीदार, व्यंगचित्रकार, वृत्तछायाचित्रकार अशी ती यादी वाचत मी शेवटपर्यंत आले, आणि शेवटचा शब्द मुद्रितशोधक हा होता. चौदा वर्षे त्या कचेरीत काम करून, कायद्याच्या दृष्टीने मी पत्रकार आहे हे मला ठाऊक नव्हते. त्याच कायद्याप्रमाणे संपादकाला कमी करताना सहा महिन्यांची आणि इतर श्रमिक पत्रकाराला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागत असे. आम्हाला एक महिन्याची दिली होती. ‘‘उद्या पाचही जणांनी मिळून अर्ज द्या,’’ अण्णा म्हणाले. ‘‘रागाचा एक शब्द नको. कलम, तारीख, सही.’’ आम्ही तसे केले, आणि उरलेल्या दोन महिन्यांचा पगार काही काळाने मिळाला. त्या पैशांत मुलाची शाळेची फी गेली. नोकरी परत मिळाली नाही, मिळणारही नव्हती.

त्याच रात्री, निघताना, त्यांनी मला आपली स्वतःची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती कधी निघाली नव्हती. १९७१ मध्ये त्यांच्या छापखान्याचे मालक वारले आणि वारसांनी यंत्रे विकली. खिळे मोडीत काढायचे ठरले. भंगारवाला काटा घेऊन आला, पण कुठल्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, कुठल्या मापाचा टाइप किती, हे एकट्या अण्णांना माहीत होते. तेव्हा वीस वर्षे हाताळलेले खिळे किलोवर जाताना काट्याशी उभे राहून वजने लिहून घ्यायचे काम त्यांच्याकडेच आले. ‘‘दोन दिवस लागले,’’ ते म्हणाले. ‘‘वजनात चूक नव्हती.’’ त्यापुढे ते काही बोलले नाहीत. पस्तिसाव्या वर्षी त्यांनी १९६२ चे मराठी लेखनविषयक चौदा नियम पाठ करायला घेतले. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मराठी साहित्य महामंडळाने आणखी चार घातले आणि ते अठरा झाले, याबद्दल मात्र ते हसून तक्रार करत.

आठवड्याभराने मी प्रकाशकांना पाठवण्यासाठी एक अर्ज लिहिला आणि अण्णांना दाखवायला नेला. पत्रातल्या ‘आवश्यक्ता’वर मी त्या आठवड्यात पुष्कळ हसून घेतले होते, ओळखीच्या सगळ्यांना ते सांगितले होते. अण्णांनी अर्ज ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी चुका शोधून परत दिला. त्यावर अकरा दुरुस्त्या होत्या. पहिलीच दुरुस्ती विषयाच्या ओळीत होती. ‘मुद्रीतशोधक म्हणून काम मिळण्याबाबत’ असे मी लिहिले होते. ‘री’ दीर्घ! ज्या शब्दावर चौदा वर्षे पोट भरले, तोच शब्द मी चुकवला होता, आणि मुद्रित हा तत्सम शब्द असून त्यात वेलांटी पहिली हे मी तेव्हा झोपेतही सांगितले असते. अण्णांनी तिथे नेहमीची खूण करून समासात नुसते ‘रि’ लिहिले होते. तोंडाने ते काही बोलले नाहीत, आणि मीही त्यानंतर ‘आवश्यक्ता’चा विनोद कुणाला सांगितला नाही.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. आज बरोबर आणला आहे, नंतर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पाहावा. त्यातल्या एका खुणेविषयी सांगते. अर्जाच्या शेवटी मी घरच्या अडचणींची तीन वाक्ये लिहिली होती. अण्णांनी तिन्ही खोडली. मग त्यांतल्या एका वाक्याखाली टिंबे दिली आणि समासात लिहिले: ‘असू द्या’. तुम्ही ही खूण शिकला आहात. शोधकाने खोडलेले पुन्हा ठेवायचे असेल तेव्हा ती करतात. ते वाक्य होते, ‘घर माझ्या उत्पन्नावर चालते.’ अण्णांनी ते आधी का खोडले आणि मग का राखले, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

तीन प्रकाशकांपैकी दोघांनी उत्तर दिले नाही. तिसऱ्याकडचे काम अण्णांमुळे मिळाले. निवृत्तीनंतर ते एका प्रकाशकाची पुस्तके वाचत असत. ‘आता डोळ्यांना झेपत नाही’ असे सांगून त्यांनी त्यातले एक माझ्याकडे वळवले. सोळा पानांचा एक फॉर्मा, फॉर्म्याला चाळीस रुपये. नऊ फॉर्म्यांचे पहिले बिल ३६० रुपयांचे झाले. त्या वेळी अण्णांचे डोळे उत्तम होते, हे मला तिथल्या कारकुनाकडून दोन वर्षांनी कळले.

त्या दिवसांत मला त्यांचा रागही आला. मी काही दुःख सांगू लागले की ते म्हणत, ‘‘चौथा फॉर्मा झाला का?’’ पाचवा झाला असला तर सहाव्याविषयी विचारत. माणसाला थोडे दुःख करू द्यावे, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. पण हेही खरे की सकाळी उठून बसायला त्या महिन्यांत माझ्याजवळ दुसरे कारण नव्हते, आणि संध्याकाळी वाड्यात जाऊन ‘झाला’ म्हणता यावे म्हणून मी तो फॉर्मा वाचत असे.

संगणकाबद्दल अण्णा साफ चुकले. पडद्यावर वाचलेले ते वाचन मानत नसत, आणि मी श्रीलिपी ही मराठी टंकनाची संगणक प्रणाली शिकले तेव्हा ते दोन आठवडे माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलले. मला ते शिकल्याचा उपयोग झाला. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार भलत्या अक्षरावर चढतो, ‘सुऱ्या’चा ‘सुर्या’ होतो, जोडाक्षरे तुटतात. आज माझे निम्मे काम असल्या मजकुराचे असते. असे पान समोर आले की खिळा चुकीच्या खणात पडल्याची अण्णांची गोष्ट मला आठवते, आणि ती आता अतिशयोक्त वाटत नाही.

पुढे त्यांना खरोखरच मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेनंतरही बारीक अक्षर दिसेना, तेव्हा मी रविवारी जाऊन त्यांना अग्रलेख वाचून दाखवत असे, अर्थातच विरामचिन्हांसकट. चिन्ह गिळले की खाटेच्या कडेवर बोट वाजे.

२००६ मध्ये अण्णा गेले. निधनाची जाहिरात लिहायचे काम त्यांच्या मुलांनी माझ्यावर सोपवले. आपण लिहिलेले आपणच तपासू नये हा अण्णांचा पहिला धडा. म्हणून वृत्तपत्राच्या जाहिरात खिडकीवर गेल्यावर, टंकून झालेला मजकूर मी हातात घेतला आणि माझी मूळ चिठ्ठी तिथल्या मुलाकडे देऊन ती मोठ्याने वाचायला सांगितली. विशीतला मुलगा होता, मागे रांग होती. तो भराभर वाचू लागला, ‘त्यांच्या पश्चात पत्नी दोन मुलगे सुना नातवंडे’. माझी पेन्सिल खिडकीच्या फळीवर वाजली. तो थांबला.

‘‘काय झालं, ताई? स्वल्पविराम पण वाचायचा का?’’

‘‘हो,’’ मी म्हटले, ‘‘तोही वाच.’’