सोनेरी लायका आणि बिचारा फेड

मंडळी, हा कॅमेरा नीट बघून घ्या. सोनेरी मुलामा, वर 'लायका' या जर्मन कॅमेऱ्याचं नाव कोरलेलं, बाजूला जर्मन गरुड. कुणालाही वाटेल, महायुद्धातला ऐवज आहे. आता लेन्स काढतो. आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरला, म्हणजे अंतर मोजून फोकस साधणाऱ्या यंत्रणेला, लेन्सशी जोडणारा दांडा दिसतोय? अस्सल लायकात त्याच्या टोकाला छोटं गोल चाक असतं. इथे आहे टोकदार पट्टी. म्हणजे हा लायकाची सोव्हिएत नक्कल, फेड नाहीतर झोर्की. गरुड नंतर येऊन बसलाय.

अशा नकलांचा बाजार मोठा आहे. शोभेची वस्तू म्हणून घ्यायच्या असतील तर खुशाल घ्या. माझा जीव तुटतो तो पॉलिशखाली गेलेल्या फेडसाठी.

फेड म्हणजे फेलिक्स एदमुंदोविच झेरझिन्स्की, सोव्हिएत गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख. त्याच्या नावाने १९२७ साली खारकोवजवळ रस्त्यावर वाढलेल्या, अनाथ मुलांची वसाहत सुरू झाली. ती चालवली शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेन्को यांनी. ही पोरं आधी विजेवरची ड्रिल मशीनं बनवायची, मग लायकाची नक्कल करायला लागली आणि १९३४ पासून कॅमेरे बाहेर पडू लागले. काय दैव बघा, गुप्त पोलिसांच्या म्होरक्याची आद्याक्षरं लोकांच्या गळ्यात लटकली!

युद्धापूर्वीच्या फेडची एक खोड आहे. लेन्स आणि फिल्म यांतलं अंतर तेव्हा ठरावीक मापाचं नव्हतं. प्रत्येक बॉडीला तिची लेन्स जुळवून दिलेली असे. एकाची लेन्स दुसऱ्याला लावलीत तर आटे बसतील, पण फोकस हुकेल. म्हणून जुनी जोडी मोडून सुटी विकू नका. जास्त पैसे मिळतील तरीही.

'दुर्मीळ' हा शब्द विक्रेते मिठासारखा भुरभुरतात. झोर्की-४ तर १७ लाखांच्या आसपास बनला, तो कसला दुर्मीळ? खरोखर शोधावा तो १९४८ च्या सुमाराचा झोर्की, ज्याच्यावर फेड आणि झोर्की अशी दोन्ही नावं आहेत. झोर्की बनवणाऱ्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने फेडचीच रचना उचलली होती, त्या संक्रमणाची ती खूण. किंवा अगदी सुरुवातीचे 'कीव' नावाचे सोव्हिएत कॅमेरे: जर्मनीतून युद्धभरपाई म्हणून आणलेल्या, कॉन्टॅक्स या जर्मन कॅमेऱ्याच्या यंत्रसामग्रीवर आणि काही तर जर्मन सुट्या भागांवर जुळवलेले. कीवच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा सालच सांगतात.

विकताना 'चालू स्थितीत' एवढंच लिहून मोकळं होऊ नका. लेन्स काढा, अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च धरा. शटरच्या कापडी पडद्याला भोकं असतील तर उजेडाचे ठिपके दिसतील. दिसले तर तसं लिहा. आणि झोर्की-४ घेणाऱ्याला एक आवर्जून सांगा: आधी शटर चढवायचं, मगच वेगाची चकती फिरवायची. उलट केलं की यंत्रणा बिघडू शकते, आणि शिव्या तुम्हालाच बसतील.

मागच्या रांगेतून विचारताहेत, घरी झेनिट-ई हा सोव्हिएत कॅमेरा पडून आहे, किती येतील? फार नाही, लाखोंनी बनलाय तो. पण त्याचा उजेड मोजणारा सेलेनियम मीटर बॅटरीशिवाय चालतो. खिडकीशी नेऊन सुई हलते का बघा. हलली तर विकू नका, रोल घाला.