त्या दिवशी विमानाचं वजन किती होतं?

नमस्कार श्रोतेहो.

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवर गप्पा रंगल्या की गाडी एकाच प्रश्नावर येते: सगळ्यात सरस लढाऊ विमान कुठलं? मग कमाल वेगाचे आकडे पुढे केले जातात. मला मात्र आधी विचारावंसं वाटतं, तो आकडा नोंदवला त्या दिवशी टाकीत इंधन किती होतं? गोळ्या भरलेल्या होत्या का? पंखांखाली काय टांगलं होतं?

सरळ उडताना कमाल वेगावर वजनाचा परिणाम थोडाच होतो. तिथं अडवते ती मुख्यतः हवा. वजनाचा खरा फटका बसतो चढाईला आणि वळणाला. पंख तेच ठेवून वजन २० टक्क्यांनी वाढवलं, तर विमानाला हवेत टिकून राहायला लागणारा किमान वेग साधारण साडेनऊ टक्क्यांनी वाढतो आणि त्याचं सर्वांत आखूड वळण २० टक्क्यांनी रुंदावतं. झुंजीत एवढ्या फरकावर वैमानिकांचे प्राण गेले आहेत.

अमेरिकी नौदलाचं वाइल्डकॅट घ्या. एफ४एफ-३ या प्रकारात चार मशीनगन होत्या. पुढच्या एफ४एफ-४ मध्ये सहा गन आल्या, आणि जहाजावर जास्त विमानं मावावीत म्हणून पंख दुमडते केले. इंजिन मात्र त्याच १,२०० अश्वशक्तीचं राहिलं. वजन वाढलं, चढाई मंदावली. वाईट याचं वाटतं, की गन वाढूनही गोळ्या घटल्या: आधी दर गनला ४५०, आता २४०. जून १९४२ मधल्या मिडवेच्या लढाईनंतर जॉन थॅच या अनुभवी वैमानिकानं अहवालात या विमानाच्या चढाईबद्दल कडक तक्रार केली. समोर होतं जपानी झीरो. त्याचं इंजिन ९४० अश्वशक्तीचं, म्हणजे कमीच. पण भरलेलं वजन सुमारे २,४०० किलो, तर वाइल्डकॅटचं सुमारे ३,६००. एका अश्वशक्तीमागे इकडे अडीच किलो, तिकडे तीन. झीरोला हा हलकेपणा फुकट मिळाला नव्हता. वैमानिकामागे चिलखत नव्हतं, आणि गोळी लागल्यावर आपोआप बुजणाऱ्या टाक्याही नव्हत्या.

पण ओझं किती एवढंच पाहून भागत नाही, ते कुठं ठेवलंय हेही पाहावं लागतं. मागं भार जास्त झाला की बैलगाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, हे आपल्याकडं शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. अमेरिकी मस्टँगचं नेमकं तसंच झालं. बर्लिनपर्यंत जाऊन परत येता यावं म्हणून वैमानिकाच्या पाठीमागं ८५ गॅलनची, म्हणजे सुमारे ३२२ लिटरची टाकी बसवली. ती भरलेली असताना गुरुत्वमध्य मागं सरके आणि विमान डळमळे. जोरात वळायला गेलं तर वळण आपोआप घट्ट होत जाई आणि विमान चालवायची काठी पुढे रेटून धरावी लागे. म्हणून वैमानिकांना सूचना असे, की उड्डाणानंतर ही टाकी आधी वापरा, पंखांखालच्या टाक्या नंतर.

म्हणजे इंग्लंडच्या धावपट्टीवरून पाच टनांहून जड होऊन उडालेलं मस्टँग बर्लिनवर तेवढं जड राहिलेलं नसे. मागची टाकी बरीचशी रिकामी झालेली, आणि शत्रू दिसताच पंखांखालच्या टाक्या सोडून दिलेल्या. त्याच्याशी भिडायला येणाऱ्या कित्येक जर्मन मेसरश्मिट १०९ च्या पंखांखाली बॉम्बफेकी विमानं पाडण्यासाठी दोन जादा तोफा बसवलेल्या असत. दारूगोळा धरून ते ओझं साधारण २०० किलोंचं, शिवाय हवेचा अडथळा वेगळाच.

कोष्टकात ही दोन विमानं आपापल्या ठरीव वजनांनिशी शेजारी उभी असतात. बर्लिनवर गाठ पडे ती पाऊण टनानं हलक्या झालेल्या मस्टँगची आणि २०० किलोंनी जड झालेल्या मेसरश्मिटची.