टोपणाखालचे बारा दिवस

ही मधमाशी आज सकाळी पोळ्यातलं आपलं घर फोडून बाहेर आली. तिचे पंख बघा. उलगडलेच नाहीत, गुंडाळी होऊन राहिलेत. पोटही आखूडच राहिलंय.

(निवेदन नाही. माशी फळीच्या कडेपर्यंत चालत जाते.)

हे काम एका विषाणूचं. डिफॉर्म्ड विंग व्हायरस, म्हणजे पंख वेडेवाकडे करणारा विषाणू. पण त्याला थेट तिच्या शरीरात सोडणारी दुसरीच कोणीतरी आहे.

जरा जवळून बघू. या माशीच्या पोटाच्या पट्ट्यांमध्ये तांबूस, चपटा ठिपका दिसतोय? तो हलतोय. ही व्हरोआ माइट. कोळ्यांच्या कुळातली, जेमतेम दीड मिलिमीटर रुंद. माशीच्या अंगाच्या मानाने बघायचं, तर आपल्या पाठीला ताटाएवढी गोचीड चिकटावी तशी. ती माशीचं रक्त पिते, असं कित्येक वर्षं मानलं जायचं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की तिचं मुख्य खाणं म्हणजे माशीचा मेदपिंड. अन्न साठवणं, विष निकामी करणं, रोगाशी लढणं, हे सगळं माशीच्या अंगात तो करतो.

आता पेटीतली ही पोळ्याची चौकट. घरांवरची मेणाची टोपणं सपाट, तपकिरी, एकसारखी. सुंदर दिसते, आणि फसगत होते ती इथेच.

एक टोपण उघडू.

अळीच्या घरावर टोपण बसायच्या काही तास आधी माइट आत शिरते. तळाशी अळीचं पातळ अन्न असतं, त्यात ती बुडी मारून बसते आणि श्वासासाठी बारीकशा नळ्या तेवढ्या वर काढते. माश्या टोपण लावून मोकळ्या होतात. अळी उरलेलं अन्न खाते, माइट मोकळी होते. साधारण तीन दिवसांनी ती पहिलं अंडं घालते, त्यातून नर निघतो. पुढची अंडी अंदाजे तीस-तीस तासांनी, त्या सगळ्या माद्या. कोषाच्या अंगाला आई एक भोक पाडते आणि सगळी पिल्लं तिथूनच खातात. भावाबहिणींचा समागमही याच बंद घरात होतो. नर बाहेरचं जग बघतच नाही. बारा दिवसांनी कामकरी माशी बाहेर पडते, तेव्हा आई आणि वयात आलेल्या लेकी तिच्यासोबत निघतात.

नरमाशीचं घर याहून दोन-तीन दिवस जास्त बंद असतं. म्हणून माइट तिथे जास्त शिरते. हे बघा, चिमट्याने काढलेला नरमाशीचा कोष. पांढऱ्याशुभ्र अंगावर चार तांबूस ठिपके.

मुळात ती आशियातल्या सातेरी माशीवरची. सातेरीच्या वसाहतीत ती बहुतांशी नरांच्याच घरात वाढते, आणि माश्या एकमेकींची अंगं साफ करतात. दोघींचं जमून गेलेलं. गेल्या शतकात माणसाने मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या, पेट्या सातेरीच्या मुलखात नेल्या आणि माइटने घर बदललं. मेलिफेराला तिची ओळख नव्हती.

विषाणू आधीही होता, पण थोडा, दबलेला. २००७ साली माइट हवाईत पोचली. तोवर तिथल्या दहातल्या जेमतेम एका वसाहतीत हा विषाणू सापडे. माइट पसरली त्या बेटांवर तो जवळपास प्रत्येक वसाहतीत दिसू लागला. अशा वसाहती उपचाराविना बहुधा दोन-तीन वर्षांत संपतात.

(रिकामी पेटी. मध तसाच.)

म्हणून पेटी भरलेली, गजबजलेली असते तेव्हाच माइट मोजायला हव्यात. पंख वाकडे दिसू लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण तीनशे. आधी राणी त्यात नाही ना, ते दोनदा बघायचं. बरणीला जाळीचं झाकण, वरून दोन चमचे पिठीसाखर. मिनिटभर हलक्या हाताने फिरवायची आणि थोडा वेळ ठेवायची. माइटची पकड सुटते. मग बरणी पालथी करून पांढऱ्या ताटलीवर झटकायची. माश्या पांढऱ्याफटक झाल्यात, पण जिवंत आहेत. पेटीत गेल्या की बाकीच्या त्यांना चाटून साफ करतील.

ताटलीत पाणी ओतलं. साखर विरघळतेय. तीनशे माश्यांमागे नऊ माइट, म्हणजे शेकडा तीन, झाल्या की बरेच मधपाळ उपचार सुरू करतात.

या ताटलीत अकरा आहेत.