स्तन काढावाच लागतो का?

गाठ कर्करोगाची आहे हे कळल्यावर बहुतेक घरांतून पहिली विनंती येते ती अशी : ‘डॉक्टर, सगळं काढून टाका, पुन्हा भानगड नको.’ या विनंतीमागची भीती मला समजते, आणि तिला अडाणीपणा म्हणण्याचा अधिकार आम्हा शल्यचिकित्सकांना मुळीच नाही, कारण आमच्या व्यवसायानेही कित्येक दशके हेच मानले. अमेरिकेतील बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथीही (शरीरातला द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) काढल्या जात. रोग गाठीपासून पायरीपायरीने शेजारी सरकतो, तेव्हा कुंपण जितके लांब घालावे तितके बरे, असा त्यामागचा तर्क होता.

त्या तर्काची खरी परीक्षा १९७० च्या दशकात झाली. इटलीतील मिलानमध्ये शल्यचिकित्सक उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ स्त्रियांवर, तर अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून अठराशेहून अधिक स्त्रियांवर, कोणाला कोणती शस्त्रक्रिया द्यायची हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, ठरवून, स्तन काढणे आणि गाठ काढून स्तन राखणे या दोन मार्गांची तुलना केली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले : स्तन राखलेल्या आणि स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुष्यमानात फरक आढळला नाही. मात्र फिशर यांच्या चाचणीत केवळ गाठ काढलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के स्त्रियांना त्याच स्तनात रोग उलटला, आणि जोडीला रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. म्हणून स्तन राखायचा तर बहुतेक वेळा रेडिएशन घ्यावेच लागते.

नेमका इथेच आपल्याकडे निर्णय अडतो. रेडिएशन साधारण तीन ते पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालते; गावापासून दूर राहायची सोय नाही, घरी लहान मुले आहेत, मजुरी बुडते, म्हणून स्तन काढण्याचा पर्याय निवडणारी बाई चुकते असे मी म्हणणार नाही. पण तिला आधीच सांगायला हवे, की गाठ फार मोठी असेल किंवा काखेतील बऱ्याच ग्रंथींत रोग असेल तर स्तन काढूनही रेडिएशन टळत नाही. दुसरीकडे, मोठी गाठ केमोथेरपीने आधी लहान करून स्तन राखणे पुष्कळदा शक्य होते. गाठी स्तनाच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेल्या असल्या, किंवा त्याच जागी पूर्वी रेडिएशन झालेले असले, तर मात्र सहसा स्तन काढणेच योग्य ठरते.

काखेचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तो बहुतेक कोणी विचारतच नाही. तिथल्या साऱ्या ग्रंथी काढल्या की काही स्त्रियांच्या हाताला कायमची सूज येते. भरलेली कळशी उचलणेही जड जाते. काखेत गाठ हाताला लागत नसेल, तर निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून रोग प्रथम जिथे पोहोचेल अशा एकदोन ग्रंथी शोधून तेवढ्याच तपासता येतात, आणि त्या निर्मळ निघाल्या की उरलेल्या जागच्या जागी राहू देतात.