प्रसार भारती: स्वायत्तता कुठे अडली

[दृश्य: जुना ट्रान्झिस्टर, स्टेशन शोधणारा हात]

३१ ऑक्टोबर १९८४. सकाळी साडेनऊच्या आत दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीवर बातमी दुपारीच आली. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर मृत्यूची अधिकृत घोषणा व्हायला मात्र संध्याकाळ उजाडली. राजीव गांधी तेव्हा पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर होते, तेही बीबीसीच ऐकत होते. सत्ताधारी पक्षाच्या सरचिटणिसाला स्वतःच्या घरची बातमी परक्या रेडिओवर शोधावी लागली.

अविश्वास त्याच्याही आधीचा आहे. आणीबाणीत किशोरकुमारने सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला, तर त्याची गाणीच आकाशवाणी-दूरदर्शनवर बंद झाली. जनता सरकारने बी. जी. वर्गीज समिती नेमली. समितीने १९७८ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनसाठी सरकारपासून अलग असा न्यास (ट्रस्ट) सुचवला. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी स्वायत्त संस्था म्हणजे प्रसार भारती. तिचा कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि लागू झाला १५ सप्टेंबर १९९७ ला. मधली सात वर्षं तो नुसता पडून होता.

[दृश्य: कायद्याची प्रत, कलम २३ वर कॅमेरा]

या कायद्यात चांगल्या तरतुदी आहेत, म्हणून तर जास्त चीड येते. कलम २३ नीट वाचा. देशाची एकात्मता, सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी सरकार सांगू शकतं की अमुक दाखवू नका, किंवा सार्वजनिक महत्त्वाचा तमुक विषय दाखवा. पण पोटकलम २ नुसार ‘हे प्रसारण सरकारच्या सूचनेवरून होत आहे’ असं जाहीर करायची मुभा संस्थेला आहे. आणि पोटकलम ३ नुसार अशा प्रत्येक सूचनेची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते. म्हणजे हस्तक्षेप करायचाच तर उघडपणे, कागदावर. तोंडी निरोपाचा कागद होत नाही, आणि प्रेक्षकाला संशय येतो तो नेमका त्याचाच.

तक्रार ऐकायला कलम १४ मध्ये प्रसारण परिषद आहे, देखरेखीला कलम १३ मध्ये २२ खासदारांची समिती. दोन्ही प्रत्यक्षात आल्याच नाहीत. पैशाचं म्हणाल तर, ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत भरती झालेले कर्मचारी केंद्र सरकारचे, प्रसार भारतीत प्रतिनियुक्तीवर. त्यांचा पगार सरकारी अनुदानातून येतो. ज्याच्या पगाराची फाइल मंत्रालयात फिरते, त्या संपादकाने मंत्र्याची बातमी चौथ्या क्रमांकावर टाकावी, ही अपेक्षा माणसाच्या धैर्यावर टाकलेली आहे. व्यवस्थेने त्याला काहीच आधार दिलेला नाही.

सरकार कुणाचंही असो, तक्रार तीच राहते. एप्रिल २०१४ मध्ये केंद्रात काँग्रेसचं सरकार असताना दूरदर्शनने नरेंद्र मोदींच्या मुलाखतीतला काही भाग गाळला. ऑगस्ट २०१७ मध्ये त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांना स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात बदल करायला सांगितलं. ते नाही म्हणाले, भाषण लागलं नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत माकपचे नेते सीताराम येचुरींच्या भाषणातले काही शब्द काढायला लावले. तेव्हा प्रसार भारतीने निवडणूक आयोगाच्या नियमांकडे बोट दाखवलं.

तरीही रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या पाहण्यांमध्ये डीडी न्यूज आणि आकाशवाणीचं नाव विश्वासार्ह माध्यमांत वरच्या बाजूला दिसतं. पाहणी इंग्रजी वाचणाऱ्या, इंटरनेट वापरणाऱ्यांपुरती आहे, हे खरं. पण वादळाचा इशारा आकाशवाणीने दिला तर त्यावर कुणी शंका घेत नाही. विश्वास उडतो तो राजकीय बातमीवर.

[दृश्य: न्यूजरूम, पडद्यावर रनडाऊन (बातम्यांच्या क्रमाची यादी)]

तिथे खोटं सांगावं लागत नाही. मंत्र्याची ४० सेकंदांची बाइट (त्याच्याच आवाजातला तुकडा) लावायची आणि विरोधकाचं म्हणणं अँकरच्या एका वाक्यात उरकायचं, एवढं पुरतं. हे मोजता येतं. एकच बातमीपत्र सलग सात दिवस रेकॉर्ड करा. चार रकाने आखा: बातमीचा क्रम, विषय, पडद्यावर कोण, आणि स्वतःच्या आवाजात कोण किती सेकंद बोललं. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण चेहरा दाखवून आवाज बंद ठेवता येतो. एकाच दिवसावरून निष्कर्ष काढू नका. अर्थसंकल्पाच्या दिवशी पडद्यावर सरकारच असणार. गाळलेल्या बातम्या या तक्त्यात येत नाहीत, त्यासाठी त्या दिवसांची दोन-तीन वर्तमानपत्रं शेजारी ठेवा.

मग प्रसार भारतीकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘पक्षपात का केला?’ असं विचारलंत तर तो खुलासा मागणं झालं, नोंदीतली माहिती नाही, म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. तारखा देऊन मागा: या काळात कलम २३ खाली आलेल्या सर्व सूचनांच्या प्रती. उत्तर ‘निरंक’ (म्हणजे काहीच नाही) आलं, तर सरकारने लेखी काही सांगितलं नव्हतं हे संस्थेनेच कबूल केलं. मग गाळलेल्या बातमीचा जाब थेट वृत्तविभागालाच विचारायचा.