बदकं चार, नोंदी दहा

विज्ञान प्रदर्शनासाठी घरच्या बदकांवर प्रकल्प करायचा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, 'बदकांना काय आवडतं?' हा प्रश्न मोजता येत नाही. उत्तर ग्रॅममध्ये येईल असा तो घट्ट करा: तेच खाद्य कोरडं आणि ओलं शेजारी ठेवलं, तर अर्ध्या तासात बदकं कुठलं जास्त खातात? आज हा एकच प्रयोग पाहू.

दोन सारखी, जड घमेली घ्या. हलकी भांडी बदकं उलटवतात. एकात 300 ग्रॅम कोरडा मॅश (म्हणजे दळलेलं मिश्र खाद्य), दुसऱ्यात 300 ग्रॅम मॅश आणि साधारण 200 मिलिलिटर पाणी. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पाणी गळता कामा नये. दळणानुसार पाणी थोडं कमीजास्त लागेल, पण एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेवढंच. पहिला आठवडा मोजमाप नको. बदकं नव्या भांड्याला बिचकतात, त्यामुळे आधी ती रुळू द्या. घमेल्यांच्या जागा रोज अदलाबदल करा, नाहीतर दाराजवळचं घमेलं जिंकेल, ओलं खाद्य नव्हे. एखादं घमेलं रिकामं झालं तर त्या दिवसाचा आकडा निकामी, कारण मग उरलेलं खाणं ही निवड राहत नाही.

सगळ्यात जास्त प्रकल्प फसतात ते वजनात. बदक दोन घास खातं, पाण्याकडे पळतं, चोच बुडवतं आणि तीच ओली चोच कोरड्या मॅशमध्ये घालतं. अर्ध्या तासाने कोरडं खाद्य वजनाला वाढलेलं असतं आणि हिशेब सांगतो की बदकांनी फारसं खाल्लंच नाही! म्हणून पाणी लांब ठेवा, पण काढून घेऊ नका. पाण्याशिवाय कोरडा मॅश बदकाच्या घशात अडकतो. प्रत्येक घमेलं मोठ्या परातीत ठेवा, म्हणजे सांडलेलंही मोजता येईल. उरलेलं दोन्ही खाद्य वेगवेगळं, पातळ पसरून, वर जाळी टाकून उन्हात वाळवा. तासाभराने पुन्हा तोललं तरी वजन तेच आलं, की लिहा.

मॅशमध्ये मुळातच थोडा ओलावा असतो. त्यासाठी 100 ग्रॅम मॅश बदकांपासून दूर ठेवून तसाच वाळवा. समजा तो 92 ग्रॅम भरला. म्हणजे तुमचे 300 ग्रॅम प्रत्यक्षात 276. वाळवून 150 उरले, तर खाल्लं 126.

ओलं खाद्य अर्ध्या तासानंतर पुन्हा बदकांपुढे ठेवू नका. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की दगावल्या, तेव्हा कारण निघालं बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. त्यातल्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन नाव मिळालं आणि बदकाची पिल्लं त्याला इतकी नाजूक, की विष ओळखायला तीच वापरली गेली. दमट हवेत पेंडीचा मॅश जपूनच हाताळावा.

आता आकडेमोड. चार बदकं, दहा दिवस, म्हणजे चाळीस नोंदी नव्हेत. एक बदक वळलं की बाकीची मागे वळतात. एकेकटं करून तपासावं, तर एकटं बदक घाबरतं आणि खातच नाही. म्हणून कळप हा एक नमुना आणि दिवस हे एक निरीक्षण: एकूण दहा. दहापैकी 9 किंवा 10 दिवस एकच घमेलं पुढे राहिलं, तर निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता 1024 मध्ये 22, म्हणजे सुमारे दोन टक्के. तेव्हा खात्रीने लिहा. सात-तीन निघालं, तर 'फरक दिसला नाही' असं लिहा. तोही निष्कर्षच आहे आणि तो मांडायला कचरू नये.

प्राण्यांवरच्या प्रकल्पाला लेखी परवानगी सुरुवातीआधी घ्या. अमेरिकेतल्या आयसेफसारख्या शालेय विज्ञान स्पर्धेत ती नंतर चालत नाही. बदकांना प्रदर्शनाच्या गोंगाटात नेऊ नका, चित्रफीत न्या. घमेली धुतल्यावर हात साबणाने धुवा, बदकांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. आणि घमेली स्वयंपाकघराच्या मोरीत नकोत, अंगणातल्या नळावरच धुवा.