नदीतलं नायट्रेट कुणाचं?

श्रोतेहो, नमस्कार. उल्हास नदीच्या पाण्यात नायट्रेट किती आहे, हे कुठलीही प्रयोगशाळा सांगेल. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही मर्यादा. पण ते आलं कुठून? कर्जतकडच्या भातखाचरांतल्या युरियातून, की बदलापूर-उल्हासनगरच्या मैलापाण्यातून? त्या आकड्यातून हे कळत नाही. रेणू दोन्हीकडचा सारखाच. फरक आहे तो वजनात.

नायट्रोजनचे अणू दोन वजनांचे असतात. बहुतेक 14चे, आणि हवेत दर 272 अणूंमागे साधारण एक 15चा. यात किरणोत्सर्ग नाही, म्हणून त्यांना स्थिर आयसोटोप म्हणतात. नमुन्यातल्या जड अणूंचं प्रमाण हवेपेक्षा हजारात कितीने जास्त, तो आकडा म्हणजे डेल्टा. युरिया हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो, त्याचा डेल्टा शून्याच्या आसपास. मैलापाण्यातून आलेलं नायट्रेट जड, बहुधा 8च्या वर, कारण अमोनिया उडून जाताना हलका आधी जातो. युरिया हलका, मैला जड. एवढं लक्षात ठेवा.

आता एक हकिगत ऐका. अमेरिकेत इलिनॉय राज्यात डिकेटर नावाचं गाव आहे. चहूकडे मक्याची सपाट शेतं, मधून सँगमन नदी. तिला बांध घालून तलाव केलेला, आणि गाव त्याच तलावाचं पाणी पितं. वसंतात शेतांतला निचरा नदीत उतरला की नायट्रेट चढायचं. तान्ह्या बाळांना हे घातक, कारण रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले कोल, शिअरर आणि बॅरी कॉमनर या तिघांनी प्रश्न हाती घेतला. हे नायट्रेट खताचं, की जमिनीत मुळातच असलेल्या नायट्रोजनचं?

त्यांचा हिशोब दूधवाल्याच्या हिशोबासारखा होता. म्हशीच्या दुधाचं फॅट ठाऊक आहे, पाण्याचं शून्य. हातातल्या दुधाचं फॅट मोजलं की पाणी किती मिसळलं ते निघतं. इथे खताचं नायट्रेट हलकं, मातीचं जड, नदीचं मधलं. 1971मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात उत्तर छापून आलं: 1970च्या वसंतात तलावात आलेल्या नायट्रेटपैकी किमान 55 ते 60 टक्के खतातून.

शेतीच्या जगात खळबळ उडाली. 1972मध्ये त्याच नियतकालिकात मृदाशास्त्रज्ञांच्या एका गटाने एकत्र उत्तर दिलं. त्यांचा आक्षेप आपल्या दुधाच्या भाषेत सांगते. मध्ये कुणी साय काढली असेल तर? मग पाणी न घालताही फॅट उतरेल आणि तुमचा हिशोब चुकेल. जमिनीत साय काढणारे आहेत जिवाणू. जिथे हवा पोचत नाही अशा चिखलात ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडतो. हलकं नायट्रेट ते आधी संपवतात, उरलेलं जड होत जातं. म्हणजे खताचं नायट्रेटही जड दिसू शकतं. शिवाय मातीचा डेल्टा शेतागणिक वेगळा, मग त्याचा एकच आकडा धरायचा कसा?

कॉमनर यांच्या गटाचा प्रश्न अगदी योग्य होता, आणि आक्षेपही योग्य होता. विज्ञानातला असा वाद मला निकालापेक्षा मोलाचा वाटतो. त्यातून हाती आलं ते हे: एका खुणेवर निकाल नाही.

दुसरी खूण नायट्रेटमधल्याच ऑक्सिजनची. जिवाणूंनी साय काढली असेल तर नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही जड होतात, साधारण दोनास एक या प्रमाणात. नायट्रोजन एकटाच जड असेल तर संशय मैलापाण्यावर. तिसरी खूण क्लोराइडची. ते मैलापाण्यात भरपूर असतं आणि जिवाणू त्याला हात लावत नाहीत. युरियाचं नायट्रेट आणि मातीचं नायट्रेट मात्र ऑक्सिजनवरून वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही जमिनीतच तयार होतात.

नमुना घेताना बाटल्या दोन: एक नायट्रेटची, दुसरी खुद्द पाण्याची, कारण पाण्यातल्या हायड्रोजन-ऑक्सिजनचेही हलके-जड अणू असतात आणि त्यावरून पाणी कुठलं ते कळतं. पाण्याच्या आयसोटोपसाठी बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडाही नको, झाकण घट्ट, फ्रीजरमध्ये ठेवायची नाही. हवा राहिली, झाकण सैल राहिलं, तर बाष्पीभवनाने पाणी जड होतं. नायट्रेटची बाटली उलट: नदीवरच 0.2 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायची, तीन-चतुर्थांशच भरायची आणि उणे 20 अंशांवर गोठवायची. काठोकाठ भरली तर बर्फाने फुटते. न गाळता ठेवली तर जिवाणू बाटलीतच साय काढत बसतात. पुन्हा सांगते: पाण्याची भरलेली, नायट्रेटची गाळलेली.

उल्हासला मिळणाऱ्या वालधुनी नदीचा नमुना वेगळा घ्या. आणि तिला नाला म्हणू नका. अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर याच नदीच्या काठी आहे. नाला म्हटलं की तिच्यात काहीही सोडायची मुभा मिळते.

उन्हाळ्यातल्या उल्हासचं पाणीसुद्धा विचारात घ्यायला हवं. भिवपुरीच्या वीजघरातून बाहेर पडणारं पाणी घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं, म्हणजे मूळचं भीमेच्या खोऱ्यातलं. धरणात ऊन खाल्लेलं पाणी जड होतं आणि पावसाच्या रेषेवरून खाली घसरतं. पावसाच्या पाण्याचे दोन्ही डेल्टा आलेखावर मांडले की जी रेषा मिळते ती ही; भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी ती 1961मध्ये मांडली: हायड्रोजनचा डेल्टा म्हणजे ऑक्सिजनच्या डेल्टाची आठपट अधिक 10. विहिरी-झऱ्यांचं पाणी या रेषेच्या जवळ राहतं. त्यामुळे मार्चमध्ये नदीत धरणाचं किती, झऱ्यांचं किती, हे याच बाटलीतून अजमावता येतं.

कल्याणला दुर्गाडीपाशी नमुना घ्यायचा तर ओहोटीच्या शेवटी घ्या. भरतीला खाडीचं पाणी वर चढतं, समुद्राच्या पाण्याचा ऑक्सिजन-डेल्टा शून्याजवळ, आणि सगळा हिशोब बिघडतो. बाटलीवर तारखेसोबत वेळही लिहा, आणि जागेवरच पाण्याची, खारेपणा दाखवणारी विद्युतवाहकता मोजून तो आकडा तिथेच टिपा.